चूक सांगा, मग चहा

मार्च संपत आला की आमच्या नागपूरच्या, लकडगंजातल्या घरी माळ्यावरून कूलर खाली येतो, आणि कूलरच्या मागोमाग धोटे येतो. कूलरबद्दल माझी काही तक्रार नाही. तो तीन महिने पाणी पितो, वारा देतो आणि पावसाळा लागला की गपगुमान वर जातो. धोटे मात्र बारा महिने येतो. दर रविवारी, चारच्या ठोक्याला, गेली चाळीस वर्षं. या माणसाने स्वतःच्या हाताने साधा बल्ब बदललेला मी कधी पाहिला नाही. पण दुसऱ्याने काही बनवलं की त्यात काय करायला हवं होतं, हे त्याला बसल्याजागी कळतं.

तोंडावर मी त्याला धोटेभाऊ म्हणते. दादाचा मित्र, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, म्हणावंच लागतं. मनात मात्र तो कायम नुसता धोटे आहे, आणि इथेही मी तसंच लिहिणार आहे. ज्याला राग यायचा त्याला येवो.

परवाच्या रविवारी मी दुपारीच दादाकडे गेले. दादा माझा थोरला भाऊ. गुडघ्यांमुळे त्याला आता शिडी चढवत नाही, डाव्या कानानेही कमी ऐकू येतं. कूलर उतरवायला तो माणूस बोलावतो आणि माळ्यावरचं बारीकसारीक सामान काढायला मला. कूलर उतरला आणि मागच्या कोपऱ्यात, वाळ्याच्या जुन्या ताट्यांखाली, माझ्या हाताला एक पत्र्याचा डबा लागला. बिस्किटांचा, चौकोनी, झाकणावरची फुलं गंजाने खाल्लेली. एका कडेला पाडलेलं भोक, भोकातून बाहेर आलेली वायर, आणि त्याच वायरीने गुंडाळून ठेवलेला हेडफोन. मी डबा ओळखला आणि शिडीच्या वरच्या पायरीवर तशीच बसून राहिले.

"काय सापडलं वं?" दादाने खालून विचारलं.

"काही नाही. जुनं गवत."

तो डबा म्हणजे आमच्या आईचा कान होता. तो कान कुणी बंद केला, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे आम्ही तसं म्हणत आलो आहोत. धोट्याने. त्याने एक सुधारणा सुचवली, आणि आई शेवटपर्यंत काही ऐकू शकली नाही.

डबा नाकाशी नेला तर राळेचा वास अजून होता. सोल्डरिंग करताना येतो तो, देवळातल्या धुपाच्या जवळचा पण जरा कडू. त्या वासाबरोबर सगळं अंगणच वर आलं.

आमचं घर लाकडाच्या टालामागे, ओंडके कापायच्या आरामशीनला लागून. सकाळी आठला आरा सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. सागाच्या भुशाचा वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, पोळ्यांनासुद्धा यायचा. शाळेत मुली म्हणायच्या, तुझ्या अंगाला नव्या कपाटाचा वास येतो. मला तो अपमान वाटायचा. आज फर्निचरच्या दुकानासमोरून जाताना मी उगीचच रेंगाळते, आणि दुकानदाराला वाटतं बाईंना सोफा घ्यायचा आहे.

आईला ऐकू येईनासं कधी झालं ते मला सांगता येणार नाही. मला आठवते ती आई आधीपासूनच तशी. दारात उभं राहून पाय आपटला की फरशीच्या हादऱ्याने वळून बघणारी. कुकरच्या शिट्ट्या वाफेकडे बघून मोजणारी. माणसं बोलताना त्यांच्या तोंडाकडे इतकं निरखून बघायची की नवखा माणूस ओठ पुसायचा. आणि आम्हाला एक वाईट सवय लागली होती. आईसमोर काहीही बोलायचं. तिच्या पुढ्यात बसून आम्ही तिच्या भाजीला नावं ठेवायचो, तिच्याबद्दल बोलायचो, ते सुद्धा आवाज न उतरवता. भिंतीसमोर कुणी कुजबुजत नाही, तसं.

दादा तेव्हा हिंगण्याला जायचा, कंपनीच्या बसने, शिफ्टमध्ये. मोटारींना तांब्याची तार गुंडाळायच्या खात्यात होता. कितीही घासून हात धुतले तरी नखांच्या कडांना तांब्याचा रंग राहायचा. घरी आला की जेवायच्या आधी त्याचं टेबल. ते टेबल ऋतूप्रमाणे घरभर फिरायचं. थंडीत अंगणात कडुलिंबाखाली, उन्हाचा तुकडा सरकेल तसं सरकत. उन्हाळ्यात कूलरसमोर, ओल्या वाळ्याच्या वासात; वाऱ्याने त्याचे बारीक सुटे भाग उडायचे आणि आम्ही सगळे गुडघ्यांवर रांगत ते शोधायचो. पावसाळ्यात ओसरीत, लाइन जायची म्हणून मेणबत्तीसकट.

तो काय काय करायचा! कूलरचं पाणी संपलं की वाजणारी घंटी केली, पंप जळू नये म्हणून. ती पाणी भरतानाही वाजायची. दूध उतू जायच्या आधी वाजणारी घंटी केली. ती दूध उतू गेल्यावर वाजायची, त्यामुळे आमचं दूध उतू गेल्याचं साऱ्या गल्लीला कळायचं. लाइन गेली की आपोआप लागणारा दिवा केला. तो मात्र खरंच लागायचा, आणि पहिल्यांदा लागला तेव्हा दादा त्या अंधुक पिवळ्या उजेडात इतका हसला की मला तो चेहरा अजून तसाच दिसतो.

आणि मग रविवार. दर रविवारी चार वाजता दादाची मित्रमंडळी अंगणात जमायची. दादा नवीन केलेली वस्तू मधोमध ठेवायचा, आणि त्याचा एक नियम होता. चूक सांगा, मग चहा. येणाऱ्या प्रत्येकाने वस्तूतली एक खोट काढायची नाहीतर एक सुधारणा सुचवायची, तेव्हाच त्याला कप मिळायचा. "छान झालं" म्हणणाऱ्याला नुसतं पाणी. आमचा मामा एकदा सावनेरहून आला, तीनदा छान म्हणाला आणि चहा न पिता गेला. त्याने तो राग मरेपर्यंत धरला.

चहा करायची मी. आत स्टोव्हपाशी बसून मला सगळं ऐकू यायचं आणि माझा तिळपापड व्हायचा. माझ्या भावाने रात्रपाळी करून, डोळे चोळत, बोटं भाजून घेत काहीतरी उभं करायचं, आणि या लोकांनी मांडी घालून त्याला सांगायचं की हे इथे नको होतं, ते तिथे हवं होतं. वर माझ्याच हातचा चहा. दादाला मात्र तेच हवं असायचं. "अबे, तारीफ करून वस्तू सुधरत नाही," तो म्हणायचा आणि प्रत्येकाचं म्हणणं डोकं खाली घालून ऐकायचा.

धोटे तेव्हा कळमेश्वरला एका कारखान्यात सुपरवायझर होता. रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट खोचून यायचा, वस्तूकडे न बघताच खुर्ची ओढायचा आणि म्हणायचा, "एवढं काहून लांबण लावलं गा? हे काढून टाक, ते इकडून घे, झालं." कूलरच्या घंटीला त्याने सुचवलं, की घंटी कटकट करते, तिच्या जागी रेडिओ जोड, पाणी संपलं की गाणं लागेल. दादाने जोडला. पाणी संपलं, गाणं लागलं, आम्ही सगळे गाणी ऐकत बसलो आणि पंप जळाला. दुधाच्या घंटीचं तेच, दिव्याचं तेच. ज्याला ज्याला धोट्याची सूचना लागली ते ते बंद पडलं. तरी पुढच्या रविवारी तो हजर, आणि सगळ्यात आधी कप त्याच्या हातात.

अशाच एका थंडीत दादाने डबा केला. आत मायक्रोफोन, थोडे सुटे भाग, दोन सेल. आणि कुणाच्या तरी मोडक्या वॉकमनचा हेडफोन. तारेची पट्टी, दोन टोकांना काळा स्पंज. आई तेव्हा स्टोव्हपाशी कढीला फोडणी देत होती. दादाने मागून जाऊन हेडफोन तिच्या कानांवर ठेवला आणि बटण फिरवलं. त्याच क्षणी मोहरी तडतडली. आईच्या हातातली पळी तशीच थांबली. तेल जळायला लागलं, हिंगाचा वास करपला, आणि ती पळीकडे बघत राहिली.

"एवढा आवाज करते काय वं ही?" ती म्हणाली.

मोहरी आवाज करते, हे ती विसरून गेली होती. त्या दिवशी तिने तीनदा फोडणी दिली. कढीला, मग वरणाला, मग कशालाच नाही, नुसत्या तेलाला.

डब्यात एक खोट होती. तो गुणगुणायचा. चालू केला की हेडफोनमधून बारीक, एकसुरी घूं घूं, शेजारी बसलेल्यालाही ऐकू येईल अशी. दादा म्हणायचा, घराच्या भिंतींतल्या लाइनचा आवाज आहे तो, मायक्रोफोनची साधी वायर तो पकडते. आईने डब्याचं नावच भुंगा ठेवलं. लाइन गेली की गुणगुणही जायची, आणि बत्ती गेल्याचं आम्हाला कळायच्या आधी आई भर दुपारी सांगायची, "लाइन गेली वाटते." मग भुंगा बोलायला लागला की, "आली."

रविवारी डबा मधोमध ठेवला गेला. सूचनांचा पाऊस पडला. डबा लहान कर, पट्टा लाव, आवाज वाढव. त्या बैठकीत मी जन्मात पहिल्यांदा बाहेर येऊन तोंड उघडलं. मी म्हटलं, "आईला फाटकाची कडी ऐकू यायला पाहिजे. कुणी आलं गेलं कळत नाही तिला." दादा म्हणाला, "हे खरं बोलली." मग त्याने मायक्रोफोन बदलला, काहीतरी वाढवलं, आणि चार दिवसांत आई ओसरीत बसून, पाठमोरी, भाजी निवडता निवडता म्हणायला लागली, "पाय रे, कोण आलं?" माझ्यासाठी त्या दिवशी दादाने स्वतः चहा केला होता. माझी ती एकच सूचना. त्या चहाचा मला फार अभिमान होता.

हिवाळा गेला, शिमगा झाला. कूलर उतरला, आणि माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. मुलगा नागपुरातच नोकरीला, घरचे वर्ध्याचे, शिकलेली मंडळी. रविवारी बघायला येणार होते. त्याच्या आधीच्या रविवारी बैठक बसली, डबा पुन्हा मधोमध, आणि धोटे म्हणाला, "याचा भुंगा काढ गा. एवढी घूं घूं काय कामाची? माणसासमोर चांगलं नाही दिसत."

दादाचा चेहरा उजळला. त्याने कसलीशी जाळीची वायर आणली, आत तार आणि भोवती तांब्याची विणलेली जाळी. दोन शिफ्टच्या मधल्या वेळात साधी वायर काढून ती बसवली. भुंगा गप्प झाला. इतका स्वच्छ, की दादाने स्वतः हेडफोन लावून कडुलिंबाच्या पानांचा आवाज ऐकला. डबाही लहान करणार होता, पण ते राहिलं.

पाहुणे आले. मी आलूपोहे केले होते, वरून शेव, लिंबाची फोड. आई माझ्या शेजारी, नवी साडी, डबा पदराखाली, हेडफोनची पट्टी अंबाड्याखाली लपवलेली. मुलाच्या आईने तिला विचारलं, "मुलीला आणखी शिकायचं आहे का?" आई हसली आणि म्हणाली, "घ्या नं, पोहे घ्या." त्यांनी पुन्हा विचारलं. आई पुन्हा, "पोहे घ्या." तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पोहे घेतले. दादा दाराशी उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक झाला.

त्यांनी होकार दिला. तो वेगळा विषय. ते लोक चांगले निघाले, संसारही झाला. पण पाहुणे गेल्यावर आईने हेडफोन काढला, डब्याभोवती वायर गुंडाळली आणि दादाच्या टेबलावर ठेवून दिली.

"भुंगा मेला," ती म्हणाली.

आमच्या घरात मग त्याचा अर्थ असा लावला गेला. डबा गुणगुणत नव्हता, म्हणून आईला वाटलं तो बंद पडला आहे, आणि तिने ऐकायचा प्रयत्नच केला नाही. गुणगुण हीच तिची खूण होती, ती धोट्याने काढायला लावली. दादाने आठवड्याभरात जाळीची वायर काढून साधी परत बसवली. भुंगा परत आला, तसाच. पण आईने हेडफोन पुन्हा लावला नाही. लग्न होऊ द्या, म्हणाली. लग्न झालं. दिवाळी होऊ द्या, म्हणाली. मला मुलगी झाली, ती बोलायला लागली, तिने आजीला हाक मारली, आणि आई तिच्या तोंडाकडे निरखून बघत हसली. नातीचा आवाज कसा आहे हे आईला कधी कळलं नाही. ती गेली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती.

म्हणून मला धोटे खपत नाही. त्याला चहा देताना मी कप आपटते. त्याच्या मुलाच्या लग्नाला मी गेले नाही. त्याची बायको गेली तेव्हा दादाने निरोप पाठवला, तरी मी ताप आल्याचं सांगितलं. आता त्याला मोबाइल मिळाला आहे, आणि जगभरातल्या घरगुती खटपटींचे व्हिडिओ बघून तो दादाला येऊन सांगतो, "हे पाय गा, असं करायला पायजे होतं." दादा ऐकतो. मी आत जाते.

आता जे लिहायचं ते लिहूनच टाकते.

ती सूचना धोट्याची नव्हती. माझी होती.

त्या बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, धोटे काहीतरी द्यायला आला होता. मी फाटकाशी उभी होते. मला रात्र रात्र एकच दिसत होतं, वर्ध्याची शिकलेली माणसं समोर बसली आहेत आणि माझी आई अंबाड्यावर तारेची पट्टी चढवून, मांडीवर घूं घूं करणारा डबा घेऊन बसली आहे. मैत्रिणीच्या लहान भावाने एकदा विचारलं होतं, तुमची आई सारखी कॉमेंट्री ऐकते का? सगळ्या हसल्या होत्या, मीही. दादाला सांगायची माझी छाती नव्हती. मी धोट्याला म्हटलं, "धोटेभाऊ, त्या डब्याचा आवाज बंद करायला सांगा ना दादाला. मला लाज वाटते आईची. लोकांसमोर ती तशी बसली तर माझं लग्न जमायचं नाही. तुमचं तो ऐकतो. माझं नाव सांगू नका."

धोट्याने फाटकाची कडी लावली. मग म्हणाला, "सांगतो."

आणि सांगितलं. माझं नाव न घेता. त्याच्यावर घरादाराने खापर फोडलं, आणि मी सगळ्यात जोरात फोडलं. तो एकदाही म्हणाला नाही, की बाई, तूच म्हणाली होतीस. तो म्हणाला असता तर मी त्याला माफ केलं असतं. दर रविवारी तो समोर येऊन गप्प बसायचा, याचाच मला संताप यायचा.

शिडीवरून खाली आले तेव्हा चार वाजत आले होते. डबा लपवावा असं मनात आलं, पण पदराला गंज लागला आणि दादाने बघितलंच. माझ्या हातातून घेतला. बोटांनी झाकण पुसलं. मग टेबलाशी बसला, सेलच्या जागेतला गंज घासकागदाने घासायला लागला. सेल त्याने तेव्हाच काढून ठेवले होते, सेल आत ठेवून तो कधीच काही बंद करत नसे. भिंतीवरच्या घड्याळातले दोन पेन्सिल सेल काढले आणि डब्यात घातले. घड्याळ चारला दोन मिनिटं कमी असताना थांबलं.

फाटकाची कडी वाजली. धोटे आला. आता काठी आहे, शर्ट तसाच खोचलेला. डब्याकडे बघून तो दारातच थबकला, मग खुर्ची ओढून बसला.

दादाने बटण फिरवलं. आधी खरखर, मग घूं घूं. तोच भुंगा, जरा घोगरा. स्पंजाचा काळा चुरा झाला होता, तरी दादाने हेडफोन आपल्या कानांवर चढवला आणि डबा टेबलावर माझ्याकडे सरकवला.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"रविवार हाय. चूक सांग."

तो हसत होता. धोटे काठीच्या मुठीकडे बघत होता. मी त्या भोकाकडे तोंड नेलं, आणि चाळीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते गंजक्या डब्याला सांगितलं. फाटकाशी काय बोलले, कुणाला बोलले, का बोलले. मला लाज वाटत होती हेही सांगितलं. आवाज फुटला तेव्हा भुंगा एकदम मोठ्याने खरखरला आणि दादाने डोळे मिटले.

बोलून झालं. आरामशीन रविवारची बंद असते, त्यामुळे नुसती घूं घूं.

दादाने हेडफोन काढला. दोन्ही कानांना काळा चुरा लागला होता.

"मले माहीत हाय," तो म्हणाला.

"धोटेभाऊंनी सांगितलं?"

"हा काय सांगते! याची एक बी सूचना आजलोक चालली नाही. पंप जळला, दिवा जळला. ही तेवढी एकदम बरोबर चालली. तवाच समजलो, ही याची नाही."

धोट्याने मान हलवली, कबूल असल्यासारखी.

"मग तू मला काही बोलला काहून नाही?" मी ओरडले. मला खरंच राग आला होता. "चाळीस वर्षं मी या माणसाला..."

"आईनं नाही म्हटलं होतं."

"आईला काय माहीत?"

दादा डब्यावरचा गंज नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "तू फाटकापाशी बोलून राहिली होती ना, तवा आई ओसरीत बसली होती. भाजी निवडून राहिली होती. पाठमोरी. डबा मांडीवर, भुंगा चालू." त्याने फाटकाकडे बोट केलं. "फाटकाची कडी ऐकू आली पायजे, असं तूच म्हटलं होतं."

मला ती ओसरी दिसली. आईची पाठ, पदर, मेथीची जुडी. मी तिच्याकडे बघितलंही होतं तेव्हा. आईच तर आहे, म्हणून आवाजसुद्धा उतरवला नव्हता.

"भुंगा मेला म्हणे," दादा म्हणाला. "काय मेला नव्हता. पाहुण्यांसमोर तिनंच बटण फिरवून बंद केला. गुणगुण काढली हे तिले कुठं ठाऊक, तुले लाज वाटू नये म्हणून बंद केला. मी इचारलं, काहून वं आई? तर म्हणे, पोरीले सांगू नको मले ऐकू आलं म्हणून. सासरी जाऊन रडत बसन."

धोटेभाऊ उठले. काठी शोधली, ती त्यांच्या हातातच होती. पुन्हा बसले.

"त्या बोलल्या होत्या मले एकदा," ते हळू म्हणाले. "आई तुमच्या. म्हणे, पोरीवर राग नको धरू, तुयावर येऊ दे थोडा. तुले सवय हाय."

मी टेबल धरून उभी राहिले. भुंगा चालूच होता, दादाने बंद केला नव्हता, आणि माझा श्वास त्यातून खरखर करत हेडफोनमधून बाहेर येत होता. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. तिथे ओरडण्यासारखं कुणी उरलंच नव्हतं.

"चूक सांगतली ना," दादा म्हणाला. "आता चाय टाक."

मी आत गेले. आलं ठेचलं, दूध घातलं, साखर किती घातली ते आठवत नाही. दूध उतू गेलं. तीन कप बाहेर आणले, आणि आयुष्यात पहिल्यांदा धोटेभाऊंचा कप न आपटता ठेवला. त्यांनी एक घोट घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, काहीतरी काढतील म्हणून. आलं जास्त, दूध कमी, गाळणं बदला, काहीही.

"छान झाली," ते म्हणाले.

नियमाप्रमाणे त्यांच्या हातातला कप काढून घ्यायला हवा होता. तो संपला तेव्हा मी पुन्हा भरला.